चाकाखालचा ठोकळा

बाबा,

ती पांढरी गाडी अर्ध्या गल्लीने मिळून ढकलली आणि तिचं चाक तसूभरही हललं नाही, त्या क्षणी माझं सगळं बदललं. लोकांना वाटतं तुम्ही गेल्यावर मी बिघडलो. आईलाही तसंच वाटतं. कुणी विचारलं की ती सांगते, हे गेले आणि पोरानं कॉलेज सोडलं. तसं नाहीये. तुम्ही गेलात ते त्यानंतर, दवाखान्याच्या वाटेवर, इ-रिक्षात, माझ्या हातावर. पण तेव्हासुद्धा मला रडू येत नव्हतं, मला ते चाकच दिसत होतं. नवं, काळंभोर, खाचांमध्ये अजून माती न शिरलेलं. इतकी वर्षं झाली, डोळे मिटले की अजून तेच दिसतं. तुमचा चेहरा आठवायला फोटो बघावा लागतो, चाक आठवायला काही लागत नाही.

आज लिहायला बसलोय कारण आज तिची विदाई आहे. ती म्हणजे कोण हे तुम्हाला सांगायला नको, तुम्हीच सगळ्यांत आधी ओळखलं होतं. लग्न काल झालं. तिच्या आजीनं हट्ट धरला म्हणून मॅरेज गार्डन न घेता घरच्या गच्चीवर आणि गल्लीत मांडव घातला, आणि नवऱ्या मुलाची फुलांनी मढवलेली गाडी काल आत येऊन तिच्या दारात उभी राहिली. आपली गल्ली पुढे बंद आहे, आत आलेल्या गाडीला बाहेर पडायला एकच तोंड. मांडवामुळे तुमची गाडी दोन दिवस बाहेर रस्त्यावर होती. आज उजाडताना, मांडववाले दोऱ्या सोडत होते तेव्हा, मी ती आणली आणि गल्लीच्या तोंडात घातली. बरोब्बर जिथं ती पांढरी उभी होती तिथं, तशीच. बाजूनं माणूस जाईल, फार तर मोटरसायकल जाईल. गाडी जाणार नाही. मग घरी आलो, दाराला आतून कडी घातली, किल्ली तुमच्या टेबलावर ठेवली आणि तुमच्याच खुर्चीत बसलोय. इथून गल्लीचं तोंड दिसत नाही, पण खिडकीतून आवाज सगळा येतो. आत्ता बँडवाले नुसतंच फुंकून बघतायत. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

लग्न मोडायला मी काही केलेलं नाही. फेरे झाले, आता काय मोडायचं. मला फक्त तिच्या भावाला बघायचंय. त्यानं दारोदार फिरून किल्ली विचारावी. त्यानं खांदा लावून रेटावं आणि चाक हलू नये. आपलं माणूस आत बसलंय आणि वाट बंद आहे, हे त्याला एकदा, फक्त एकदा कळावं. एवढं झालं की मी किल्ली देईन. किंवा देणार नाही, ते तेव्हा बघू.

गाडी लावणं हा तुमच्या लेखी केवढा मोठा विषय होता. तुम्ही कऱ्हाडकडचे, शहराबाहेरच्या कारखान्यात नोकरीला, कंपनीच्या क्वार्टरमध्ये सुखानं राहणारे. आईचं माहेर पिढ्यान्‌पिढ्या झाशीचं, तिला खंडेराव गेटपाशी राहायचं होतं, जिथं कपाटाला फडताळ म्हटलं तर समजणारी चार घरं अजून आहेत. तिच्यासाठी तुम्ही हे घर घेतलंत, आणि बबीन्याच्या लष्करी छावणीतून बदली होऊन निघालेल्या एका सुभेदारांकडून ही जुनी गाडी. पहिल्या दिवसापासून ती एकाच पद्धतीनं लावलीत. चाकं सरळ, गिअर काढलेला, हँडब्रेक खाली, आणि उताराच्या बाजूनं पुढच्या चाकाला लाकडाचा ठोकळा. कुणालाही वाट हवी असेल तर त्यानं ठोकळा काढावा, गाडी ढकलून बाजूला करावी आणि ठोकळा परत लावावा. तो ठोकळा तुम्ही कारखान्यातल्या मोडक्या पेटीच्या फळीतून तासला होता, आणि तेवढ्याशा लाकडाचाही गेटपास केला होतात. वरून भोक पाडून सुतळी ओवली, म्हणजे काढणाऱ्याला चाकाखाली हात घालावा लागू नये. मी विचारलं होतं, कुणी गाडी ढकलत नेऊन विकली तर? तुम्ही म्हणालात, ही गाडी ढकलत न्यायची म्हणजे चोराचेच हाल. आणि मग सांगितलंत की कारखान्याच्या शॉपमध्ये ट्रॉली अशी सोडायची असते की पुढच्या पाळीच्या माणसाला तुम्हाला शोधत फिरावं लागू नये.

गल्लीनं तुमची थट्टा केली. तिला सगळे पंचायती गाडी म्हणायचे. सकाळी तुम्ही डबा घेऊन बाहेर पडायचात आणि गाडी रात्री लावली तिथं कधीच नसायची. कधी दूधवाल्यानं पुढे सरकवलेली, कधी सिलिंडरवाल्यानं मागे. तुम्ही चष्मा पुसत विचारायचात, आज कुठं आहे, आणि कुणीतरी ओट्यावरून सांगायचं, बाबूजी, आज मंदिर के पास घूमने गई है. मला लाज वाटायची. बाकीच्यांचे बाप गाडीवर कव्हर घालायचे, भिंतीवर पाटी लावायचे की इथे गाडी लावू नये. माझ्या बापाची गाडी म्हणजे गल्लीची गाय.

लायसन्स मिळाल्यावर पहिल्यांदा बड़ा बाज़ारात मी गाडी घेऊन गेलो, तो दिवस तुम्हाला आठवतो का. दिवाळीची खरेदी, तुम्ही आणि आई भांड्यांच्या दुकानात. मी गाडी दुकानासमोर लावली, गिअर टाकला, ब्रेक ओढला, काच चढवली आणि ऐटीत चाट खायला गेलो. परत आलो तर मागे लोखंडी कपाट लादलेला एक ठेला अडकलेला, त्याच्या मागे रिक्षा, त्यांच्या मागे सगळा बाज़ार. आपल्या घरचा एक नियम होता. बाहेर रागवायचं ते मराठीत, म्हणजे बाज़ाराला कळत नाही आणि पोराची अब्रू राहते. त्या दिवशी तुम्ही हिंदीत रागावलात. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना समजेल असं बोललात. "यहीं खड़ा रह. जिसको निकलना हो, उसके लिए गाड़ी तू हटाएगा. धक्के से." किल्ली माझ्या हातातून काढून खिशात घातलीत आणि आईला घेऊन पुढच्या दुकानात शिरलात. भांडेवाला म्हणाला, जाने दो बाबूजी, लड़का है. तुम्ही मागे वळलासुद्धा नाहीत.

मी उभा राहिलो. कान तापलेले. मनात तुम्हाला नाही नाही ते बोलत होतो आणि गाडी पुढे-मागे रेटत होतो. तेवढ्यात एक स्कूटी येऊन थांबली, मागे आजी बसलेली, आजीच्या दोन्ही बाजूंना पिशव्या. चालवणारी मुलगी म्हणाली, "थोड़ी और, भैया. दादी का झोला अटक रहा है." मी आणखी रेटली. ती पुढे गेली, थांबली, वळून बघितलं. "अरे, तुम तो हमारी ही गली के हो. पंचायती गाड़ी वाले." आणि हसली. बाबा, एवढा संतापलेलो असताना मला कुणी हसलं तर मी हात उचलला असता. मी दात दाखवून उभा राहिलो. आजी बुंदेलीत म्हणाली, मोड़ा तो सूधो है, म्हणजे पोरगा साधा आहे. सूधो! मला आयुष्यात तेवढ्या एकाच माणसानं गरीब गाय म्हटलं असेल.

परत येताना तुम्ही ठोकळा माझ्या मांडीवर ठेवलात. आजपासून हा तुझ्याकडे, म्हणालात. मला वाटलं शिक्षा अजून संपली नाही. आज कळतं की ते बक्षीस होतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तिची स्कूटी आपल्या गाडीमुळे अडायची आणि कॉलेजला निघताना ती स्वतःच सुतळी ओढून ठोकळा काढायची, कमरेनं गाडीला धक्का द्यायची, स्कूटी काढायची. मी वरून बघायचो. हळूहळू आमची एक खूण ठरली. सुतळी गल्लीकडे काढलेली असली की ती एकटी निघालीय, भिंतीकडे असली की घरातलं कुणी सोबत आहे. महिनोन्‌महिने आमचं प्रेम तुमच्या गाडीच्या चाकाखाली होतं. मग एके दिवशी जेवताना तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, आजकाल ठोकळ्याच्या सुतळीला कुणीतरी गाठ मारून ठेवतं, तुटायला आली होती. मी खाली बघून आमटी ओरपत राहिलो. आई काहीच समजली नाही. तुम्ही हात धुवायला उठलात आणि माझ्या मागून जाताना म्हणालात, "मुलगी चांगली आहे. सगळे काढतात, ती परत लावते." दुसऱ्या कुणाचा बाप जात विचारेल, घर विचारेल. तुम्ही एवढंच बघितलं होतं.

त्याच वर्षी तिच्या भावानं ती पांढरी गाडी घेतली. गल्लीत मावणार नाही एवढी मोठी. ती तो तोंडाशीच लावायचा, चाकं वळवून, गिअरमध्ये, ब्रेक ओढून, आणि हात लावला तरी कोकलणारा भोंगा वर. तुम्ही दोनदा त्याच्याकडे गेलात. दुसऱ्यांदा मी बरोबर होतो. तो पाया पडला, बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, "अंकल जी, न्यूट्रल में छोड़ दूँ तो कोई भी ऐरा-गैरा धक्का मार देगा. नई गाड़ी है." तुम्ही चहा प्यायलात. बाहेर आल्यावर मी भडकलो की त्याला सुनावायला हवं होतं. तुम्ही म्हणालात, नवी आहे रे, जुनी झाली की कळेल त्याला.

ती जुनी व्हायची वेळच आली नाही.

त्या सकाळी तुम्ही चहा अर्धा टाकून उठलात आणि छातीवर हात फिरवत म्हणालात, रात्रीच्या वांग्याची ॲसिडिटी असेल. मग घाम आला. ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले गल्लीत गाडी येणार नाही, रोड पर ले आओ. मी ठोकळा काढला, गाडी चालू केली, आईनं तुमचं डोकं मांडीवर घेतलं, आणि आम्ही तोंडापाशी आलो तर ती पांढरी उभी. भाऊ पहाटेच्या रेल्वेनं ललितपूरला गेलेला, फोन लागत नव्हता. दूधवाला आला, मंदिराचे पुजारी आले, सिलिंडर उतरवणारे दोघं आले, समोरचे काका आले. आम्ही सगळ्यांनी रेटलं. भोंगा कोकलत होता आणि गाडी हलत नव्हती. ती धावत घरात गेली दुसरी किल्ली शोधायला, धावत परत आली, म्हणाली नहीं मिल रही, आणि आमच्यात येऊन हात लावून ढकलायला लागली. मी चाकाकडे बघत ओरडत होतो. तुम्ही मागच्या खिडकीतून म्हणालात, "गिअरमध्ये असेल." रागानं नाही. मशीन बंद पडलं की तुम्ही जसं सांगायचात तसं.

मग आम्ही तुम्हाला खुर्चीवर बसवून उचललं. त्या फटीतून खुर्ची आडवी करून काढावी लागली, तुमची चप्पल भिंतीला घासली आणि पडली. रस्त्यावर इ-रिक्षा थांबवली. आत ठेवताना तुम्ही माझी बाही धरलीत आणि म्हणालात, "आपली गाडी मध्येच राहिली. ठोकळा लावून बाजूला घे. कुणाला जायचं असेल." मी म्हणालो, गप्प बसा हो बाबा. तुम्ही ऐकलंत.

डॉक्टर म्हणाले, थोड़ा पहले लाते तो. एवढंच. वाक्य पूर्णसुद्धा केलं नाही त्यांनी. आपण परत आलो तेव्हा गल्लीनं तुमची गाडी नीट बाजूला घेऊन ठेवली होती. पांढरी तिथंच होती. तुम्हाला न्यायला आलेल्या लोकांना तिच्या बाजूनं एकेकट्यानं आत यावं लागलं.

भाऊ संध्याकाळी आला. दारात हात जोडून उभा, चेहरा पांढराफटक. "भैया, मुझे क्या पता था," म्हणाला. खरंच, त्याला काय माहीत होतं. पण माहीत नव्हतं म्हणून तर ठोकळा असतो ना, बाबा? मी त्याची कॉलर धरली आणि आईनं मधे पडून सोडवली. वर्षाच्या आत त्यानं ती गाडी विकली. लोक म्हणाले त्याच्या मनाला लागलं. लागलं असेल. माझ्या काय कामाचं.

कॉलेजचंही सांगून टाकतो. स्टँडमध्ये एका मुलानं माझ्या बाईकच्या मागे स्वतःची अडकवली आणि हँडल लॉक करून लेक्चरला गेला. मी ती उचलून आडवी पाडली, आणि तो आला तेव्हा त्यालाही. त्याचा दात तुटला. महिनाभर घरी बसा म्हणाले, मी परत गेलोच नाही. आता मी टुरिस्टांची गाडी चालवतो, ओरछा, खजुराहो, कधी ग्वाल्हेर. म्हणजे दिवसभर कुठं ना कुठं गाडीच लावतो. इंजिनिअरचा पोरगा ड्रायव्हर झाला म्हणून आईच्या माहेरचे हळहळतात. तुमचं काय मत झालं असतं, मला अंदाज नाही. बहुतेक विचारलं असतंत, लावतोस कशी?

तिनं मला सोडलं नव्हतं. हे कुणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो. पुढच्या हिवाळ्यात तिनं निरोप पाठवला आणि आम्ही वेगवेगळ्या बसनं बरुआसागरला गेलो. किल्ल्याखाली, तलावाच्या पायऱ्यांवर बसलो. ती म्हणाली, गाड़ी भैया की थी, मेरी नहीं. मी म्हणालो, मालूम है. ती म्हणाली, तो फिर? मी म्हणालो, घर तो वही है ना. लग्न म्हणजे त्याच्या पाया पडणं, राखीला त्यानं आपल्या घरी येणं, माझ्या मुलांनी त्याला मामा म्हणणं. माझ्यानं होणार नव्हतं. ती म्हणाली, "बाबा होते तो तुमको बाज़ार में खड़ा कर देते." ती तुम्हाला बाबाच म्हणायची, अंकल कधी नाही. मी तिच्यावर एवढ्या जोरात ओरडलो की पायरीवर कपडे धुणाऱ्या बायकांनी मान वर केली. माझ्या बापाचं नाव घ्यायचं नाही तू. ती उठली आणि मिळेल त्या बसनं निघून गेली. त्यानंतरही तिनं दोन स्थळं परतवली, आई सांगत होती. मी गेलो नाही. रोज सकाळी वरून बघायचो मात्र. स्कूटी निघायची, ठोकळा परत लागायचा, सुतळी गल्लीकडे. ती खूण माझ्यासाठी होती की नुसती सवय, ते मी कधी विचारलं नाही.

आई आत्ता तिच्याकडेच आहे. सकाळी मी गाडी लावून आलो तर ही जरीची साडी नेसून, ताटात तांदूळ, नारळ आणि खण घेऊन तयार. मी विचारलं कुठं. म्हणाली, तिची ओटी भरायला. मी म्हणालो, त्यांच्यात ओटी नसते. म्हणाली, आपल्यात असते. मी म्हणालो, त्या घरात जाणार तू? तेव्हा ती थांबली. "त्या पोरीनं अनवाणी गाडी ढकलली होती. अंगठा फुटला होता तिचा. तू चाक बघत होतास, मी तिचे पाय बघत होते." आणि ताट सावरत गेली. मी मागून कडी घातली.

आता कळलंय त्यांना. बँड वाजून मधेच थांबला. हॉर्न झाला, मग दुसरा. किसकी है, किसकी है. कुणीतरी सांगितलं, अरे वही, मराठा बाबूजी वाली. दुसरा म्हणाला, आज बीच में अड़ाई है, लॉक करके ही गया होगा, चाबी मँगवाओ. मग आपल्या दाराकडे पावलं.

त्यानंच वाजवलं दार. आधी नुसतं, मग कडी. "भैया, ज़रा गाड़ी हटा दो." "घर में हो, मालूम है. आंटी उधर बैठी हैं, उनको मत बताना पड़े." मी लिहीत राहिलो, हीच वरची ओळ लिहीत होतो. मग त्याचा आवाज बदलला. "मेरी ग़लती थी. मान तो रहा हूँ. पर वो अंदर बैठी है, भैया." बाबा, हेच हवं होतं मला. हुबेहूब हेच शब्द. इतक्या वर्षांत किती वेळा मी त्याला या दारात उभा केलाय आणि हेच बोलायला लावलंय. मला वाटलं होतं गोड लागेल. तोंडात नुसती कडवट लाळ. आणि मधेच डोक्यात आलं की आत्ता, या मिनिटाला, समोरच्या काकांच्या छातीत दुखलं तर. ते आता खूप थकलेत. मी किल्ली उचलली. परत ठेवली. तो गेला.

आता तोंडाशी गलका आहे. रेटणार सगळे. रेटा म्हणावं. मी ती तशीच लावलीय, जशी त्यानं लावली होती.

थांबा.

तिचा आवाज आला. रडून बसलेला, पण तिचाच, मी तो हजारात ओळखेन. म्हणाली, "चाबी की ज़रूरत नहीं है. उस गाड़ी को चाबी नहीं लगती. आगे पहिये में लकड़ी का गुटका है, रस्सी खींचो. अपने आप चल देगी." मी इथं बसून हसलो. म्हटलं वेडी आहेस, आज नाही ठोकळा, आज गिअरमध्ये आहे, आज तुझ्या भावाची गाडी आहे ती. आणि मग दगडावर लाकूड घासल्याचा आवाज आला. तो आवाज मला पाठ आहे. मग कुणीतरी म्हणालं, हओ, चल रही है, चल रही है. आणि टायर, हळूहळू, खडीवरून.

मी वाकलो होतो, बाबा. आता आठवतंय. गाडीतून उतरलो, भावाला मनात शिव्या देत होतो, आणि सीटखालून ठोकळा काढून वाकलो होतो. गिअर कधी काढला, ब्रेक कधी सोडला, काही ठाऊक नाही. उजव्या हाताला अजून सुतळीचा वास येतोय. एवढा मोठा सूड, इतकी वर्षं जपलेला, आणि हातानं तो तुमच्या पद्धतीनं लावला.

बँड परत सुरू झालाय. बायका गातायत, त्यात आईचा आवाज नाही, पण ती तिथं असेल. फुलांची गाडी चालू झाली. गेली. आता रस्त्यावर वळली. तुम्ही असतात तर दारात जाऊन उभे राहिला असतात. मी खिडकीपर्यंतही गेलो नाही.

हे पत्र टाकणार कुठं. फडताळात तुमच्या चष्म्याच्या डबीखाली ठेवीन, किंवा आईच्या हाती लागण्याआधी फाडीन. एक मात्र मान्य करतो, दुसऱ्या कुणापाशी करणार नाही. चाक फिरल्याचा आवाज आला तेव्हा मला हायसं वाटलं. ती जात होती आणि मला हायसं वाटलं. कितीतरी वर्षांनी आज डोळे मिटले आणि ते पांढऱ्या गाडीचं चाक दिसलं नाही.

आता बाहेर शांत झालंय. त्यांनी तुमची गाडी ढकलत रस्त्यावर नेली असणार, गेटकडच्या उताराला. घाईत ठोकळा काढून कुठंतरी भिरकावला असणार. सगळे काढतात. तो परत लावणारी एकच होती, ती फुलांच्या गाडीत बसून गेली. उतारावर भाजीवाल्या बसतात, गाडी न्यूट्रलमध्ये आहे.

ठोकळा शोधायला जातो. किल्ली इथंच राहू दे, तिचं काही काम नाही. दार बाहेरून ओढून घेतो.